समलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी नागपुरात समुपदेशक शोधताना

हिंगणा_रोड
मी हिंगणा रोडवरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपण समलिंगी असल्याचे मला विश्वासाने सांगितले आहे. घरी कुणालाही हे ठाऊक नाही, आणि गेल्या काही महिन्यांत त्याची झोप, जेवण व अभ्यास या तिन्हींची घडी विस्कटली आहे. त्याला विचारून, आणि त्याची ओळख पटेल असा एकही तपशील न देता, हा धागा काढत आहे.

त्याला समुपदेशकाकडे न्यावे, एवढे मला समजते. परंतु कोणत्या समुपदेशकाकडे न्यावे आणि तो माणूस योग्य आहे हे आधीच कसे ओळखावे, हे समजत नाही. रामदासपेठ आणि धंतोलीत पाट्यांची कमतरता नाही, पण पाटीवरून आत काय बोलले जाईल हे कळत नाही. आमच्या महाविद्यालयातही कागदोपत्री समुपदेशक आहेत. मात्र तेच गृहस्थ वसतिगृहाची शिस्त पाहतात, त्यामुळे मुलगा त्यांच्या दारात उभा राहणार नाही. दुसरा प्रश्न पालकांचा आहे. तो 21 वर्षांचा आहे, तरीही पालकांना कळवणे हे आपले कर्तव्यच आहे, असे माझ्या दोन सहकाऱ्यांचे ठाम मत आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

मेडिकलची_निवासी
सर, मी मानसोपचार विभागात निवासी डॉक्टर आहे, त्यामुळे क्रमाने लिहिते. सर्वांत आधी तो सुरक्षित आहे का, हे पाहावे. जीव नकोसा वाटतो का, तसे काही करण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला थेट आणि शांतपणे विचारावे. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. कुणीतरी विचारले याने बहुतेकांना हायसे वाटते. त्याने काही ठरवून ठेवले आहे असे दिसले, तर त्याला एकटे सोडू नये आणि मेडिकल, मेयो (ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये) किंवा मिहानमधील एम्स यांपैकी जे जवळ असेल तेथे अपघात विभागात घेऊन यावे. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा शासकीय क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास विनाशुल्क चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. समुपदेशक नेमका कशावर उपचार करणार आहे, या एका गोष्टीवर सगळी निवड अवलंबून आहे. झोप उडणे, भूक मरणे, अभ्यासावरून मन उठणे यावर उपचार आहेत, आणि ते इतर कोणत्याही तरुणावर जसे होतात तसेच याच्यावरही होतील. समलिंगी असण्यावर मात्र उपचार नाहीत, कारण तो आजारच नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी आणि आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने 2018 मध्ये ही भूमिका जाहीर केलेली आहे. पारलिंगी असणे, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणे, हेसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, ज्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली, मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढण्यात आले आहे.

मग या मुलांमध्ये नैराश्य जास्त का आढळते, असा प्रश्न उरतो. इलान मेयर या संशोधकाने 2003 मध्ये त्याची मांडणी सविस्तर केली. सतत लपवावे लागणे, पकडले जाण्याची धास्ती, टोमणे, आणि हळूहळू ते टोमणे स्वतःलाच खरे वाटू लागणे, या सगळ्याचा ताण रोजच्या ताणावर चढत जातो. थोडक्यात, दुखणे मुलाच्या आत उपजलेले नसते, ते त्याच्याभोवतीच्या वातावरणातून येते. ज्या समुपदेशकाला एवढे उमगलेले नाही, त्याच्याकडे कितीही पदव्या असल्या तरी मी माझा रुग्ण पाठवणार नाही.

तेव्हा मुलाला नेण्यापूर्वी आपण स्वतः फोन करावा आणि नाव न सांगता विचारावे, “आपल्याकडे समलिंगी तरुण येतात तेव्हा उपचाराचे उद्दिष्ट काय असते?” उत्तरात बदल, सुधारणा, संयम किंवा लग्नानंतर ठीक होईल असे काही आले, तर आभार मानून फोन ठेवावा. घरच्यांचा फोन आला तर ते काय सांगतील, हेही विचारावे. येथे थोडे विषयांतर करते. उघड विरोध करणारा समुपदेशक त्या मानाने कमी धोकादायक असतो, कारण तो लगेच ओळखू येतो. गोड बोलून “मला काहीच अडचण नाही, पण आई-वडिलांचाही विचार कर” असे प्रत्येक भेटीत सुचवणारा जास्त नुकसान करतो. तिसराही एक प्रकार आहे. मुलगा गणितात नापास झाल्याची भीती सांगत असतो आणि हे महाशय त्याच्या लैंगिकतेविषयीच खोदून विचारत बसतात.

रामटेकवाला
माझे मत अनेकांना आवडणार नाही, तरी सभ्यपणे मांडतो. या वयात मुले मोबाइलवर जे पाहतात त्याचा परिणाम होतोच, आणि 21 व्या वर्षी घेतलेली भूमिका 30 व्या वर्षी टिकेलच असे नाही. ज्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरले, त्यांच्यापासून एका प्राध्यापकाने एवढी मोठी गोष्ट लपवावी, हे मला पटत नाही. उद्या काही अघटित घडले तर उत्तर कोण देणार?

भंडाऱ्याचा
रामटेकवाला दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यासारख्यांच्या आयुष्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बारावीनंतर भंडाऱ्याहून नागपुरात आलो. वसतिगृहातील एका मुलाने माझ्या फोनमधले संदेश वाचले आणि माझ्या मामांना कळवले. हेतू वाईट नसावा. मामांनी मला सांभाळावे, एवढेच त्याला वाटले असेल. मामांनी मला एका दवाखान्यात नेले. त्या डॉक्टरांनी माझ्याशी न बोलता मामांशी चर्चा केली, रक्तातील हार्मोन तपासायला सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि वर्षभरात मुलगा लग्नाला तयार होईल असे आश्वासन दिले. गोळ्यांनी दिवसभर गुंगी येत असे आणि त्या सत्रात माझे दोन विषय राहिले. तुम्ही ज्या अघटिताची भीती घालता, त्याच्या सर्वांत जवळ मी त्या काळात होतो, आणि तेव्हा माझ्या घरच्यांना सगळे काही माहीत होते.

पुढे मदत मिळाली ती फोनवरून. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही दूरध्वनी सेवा आहे, तेथील समुपदेशकांशी मी कित्येक आठवडे बोललो. ही सेवा चांगली आहे, पण ज्यांनी ती सुचवली त्यांना वसतिगृह म्हणजे काय याची कल्पना नसावी. चार जणांच्या खोलीत हे बोलणार कुठे? गच्चीवर कुणीतरी असायचेच, म्हणून मी सायकल घेऊन अंबाझरीच्या बाजूला जात असे आणि पावसाळ्यात ते बंद पडायचे. सर, तुम्ही त्या मुलासाठी आणखी काही करू शकला नाहीत तरी चालेल, पण आठवड्यातून एक तास दार लावता येईल अशी एक रिकामी खोली त्याला मिळवून द्या.

दुसरी गोष्ट जातीची. मी दलित आहे. दीक्षाभूमीवर आजोबांचे बोट धरून गेलेला मुलगा आहे, त्यामुळे स्वाभिमान घरातच मिळाला. पण वसतिगृहात मला दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागली. नंतर मी एका खाजगी समुपदेशकांकडे गेलो. लैंगिकतेच्या बाबतीत ते अतिशय समजूतदार होते, मात्र जातीचा विषय निघाला की “आता तसे काही राहिलेले नाही” असे म्हणून पुढे सरकायचे. माझे अर्धे दुखणे त्यांच्या खोलीबाहेरच राही. शिवाय त्यांच्या एका सत्राच्या पैशांत माझी आठवड्याची मेस निघत असे, म्हणून ते थांबवावे लागले.

आज मी बरा आहे, आणि त्यात समुपदेशनाइतकाच वाटा आपल्यासारख्या माणसांच्या ओळखीचा आहे. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था अनेक वर्षांपासून समलिंगी आणि पारलिंगी समुदायासोबत काम करत आहे. तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा, नोकरी करणारा, हसतमुख समलिंगी माणूस मी पाहिला. म्हातारपण येईपर्यंत जगता येते, हे कोणत्याही समुपदेशकाने मला इतक्या खात्रीने पटवून दिले नव्हते.

मेडिकलची_निवासी
भंडाऱ्याचा, आपण हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. केवळ माहितीसाठी नोंदवते की लैंगिक कल ठरवणारी कोणतीही हार्मोनची तपासणी वैद्यकशास्त्रात नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये अशा ‘बदल घडवून आणणाऱ्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे आणि डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. मात्र हा निर्णय नोंदणीकृत डॉक्टरांपुरता आहे. स्वतःला समुपदेशक म्हणवणारा, बाबा किंवा योगशिबिर चालवणारा त्यात येत नाही, ही मोठी पळवाट आहे.

जातीचा मुद्दा मला आमच्या प्रशिक्षणात कुणी शिकवला नाही, हेही नमूद करते.

मानेवाडा_काकू
माझा मुलगा पारलिंगी आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद होती, आणि आता तो 24 वर्षांचा आहे. सरांच्या सहकाऱ्यांसाठी आणि रामटेकवाला यांच्यासाठी एक आई म्हणून लिहिते.

आम्हाला त्याने स्वतः सांगितले, त्याला जमेल तेव्हा आणि जमेल तसे सांगितले. त्याआधी वर्षभर त्याच्या एका शिक्षिकेला हे ठाऊक होते आणि त्यांनी आम्हाला अवाक्षर सांगितले नाही. याबद्दल मला त्यांचा राग नाही. उलट, घरी सांगण्याइतके बळ त्याच्यात येईपर्यंत त्याला धरून ठेवणारे कुणीतरी होते, हे आमचे भाग्य. तेच त्या बाईंनी फोन करून सांगितले असते, तर आम्ही ऐकले असते ती तक्रार. आपल्या लेकराचे मन आम्हाला ऐकूच आले नसते.

सांगितल्यानंतरचे घर कसे असते, हे मात्र कुणी लिहीत नाही. त्याचे बाबा पंधरा दिवस जेवणाच्या ताटावरून उठून जात. मला झोप येत नसे, नणंदेच्या मुलीच्या लग्नात कोण काय विचारेल याची उत्तरे मी रात्री पाठ करत असे. मुलाला समुपदेशक मिळाली होती. आम्हा दोघांना कुणीच नव्हते. शेवटी आम्ही वेगळ्या समुपदेशकांकडे गेलो, आणि ‘वेगळ्या’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. मुलाची समुपदेशक ही मुलाची असते. आई-बापांनी तिच्याकडून बातम्या काढायच्या नसतात. मुंबईत स्वीकार नावाचा अशा मुलांच्या पालकांचा गट आहे, त्यातील एका आईशी फोनवर बोलल्यावर मला पहिल्यांदा रडू आले आणि त्यानंतर झोपही लागली.

बाबा अजूनही नवे नाव घेताना अडखळतात. पण गाडीच्या कागदपत्रांवर वारस म्हणून त्यांनी तेच नाव लिहिले.

मेडिकलची_निवासी
काकूंच्या लिहिण्याला अभ्यासाचाही आधार आहे. केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्या तरुणांना किशोरवयात घरच्यांनी तीव्रपणे नाकारले होते, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण फारसे न नाकारलेल्यांच्या तुलनेत आठ पटींहून अधिक आढळले. आकडा अमेरिकेतील आहे आणि तो जसाच्या तसा विदर्भाला लावू नये. परंतु जेथे लग्न, शेती, घर आणि म्हातारपण हे सगळे कुटुंबाच्याच हाती असते, तेथे घरच्यांचे वजन कमी असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

कोर्टकचेरी
मी नागपूर खंडपीठात वकिली करतो. कायद्याची बाजू सलग सांगतो, कारण दवाखान्याच्या दारात ती उपयोगी पडते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये संसदेत संमत झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 नुसार, समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक धारणांशी कुणी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम 18 मध्ये भेदभावाविना उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या यादीत लैंगिक कल व जात हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. भंडाऱ्याचा यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. कलम 23 नुसार डॉक्टर व मानसिक आरोग्य व्यावसायिकांवर गोपनीयतेचे बंधन आहे, त्याला जिवाचा धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. प्राध्यापकावर हे कलम थेट बंधनकारक नाही. परंतु 21 वर्षांच्या व्यक्तीची अशी माहिती पालकांना कळवण्याचे कायदेशीर कर्तव्य त्यांच्यावर आहे, असे सांगणारा कोणताही कायदा माझ्या पाहण्यात नाही. जीव धोक्यात असेल तर अर्थातच घरच्यांची मदत घ्यावी. तेव्हासुद्धा “मुलगा खूप खचलेला आहे, ताबडतोब या” एवढे सांगणे पुरेसे असते. कारण सांगायचे की नाही, हे त्याच्यावर सोडावे.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 खालून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने 11 मार्च 2024 चा देवू नायर प्रकरणातील निर्णय कमी लोकांना माहीत आहे. सज्ञान मुलगा किंवा मुलगी घर सोडून जोडीदाराकडे गेली आणि पालकांनी न्यायालयात धाव घेतली, तर समुपदेशनाच्या नावाखाली त्या व्यक्तीची ओळख किंवा लैंगिक कल बदलण्याचा प्रयत्न न्यायालयांनी करू नये, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. त्याआधी मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी 2021 मध्ये असेच एक प्रकरण ऐकताना, आपल्याला या विषयाचे पुरेसे ज्ञान नाही म्हणून आधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन समजून घेतले आणि मग निकाल दिला. आमच्या व्यवसायात ही गोष्ट दुर्मीळ आहे.

सर, तुमच्या महाविद्यालयासाठीही एक निर्णय आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि कर्मचाऱ्यांना वंचित गटांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे वागण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात आहे. त्या गटांत एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, पारलिंगी इत्यादी विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे. शिस्त पाहणाऱ्या गृहस्थांना समुपदेशक म्हणून दाखवणे त्यात बसत नाही. प्राचार्यांना लेखी पत्र द्यावे, त्यात कोणत्याही मुलाचा उल्लेख करण्याची गरज नाही.

रामटेकवाला
कायदा मान्य आहे. भंडाऱ्याचा, तुमच्या बाबतीत घडले ते वाईट होते आणि ते वाचून मी विचारात पडलो. माझे सगळे मत बदलले असे म्हणत नाही. पण पालकांना कळवले की मूल सुरक्षित होते, हे मी गृहीत धरले होते, ते तसे नाही.

गणेशपेठची_ताई
मी एका शिकवणी वर्गात काम करते. आमच्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुले असतात. त्यांनाही हेच सगळे लागू होते का?

कोर्टकचेरी
ताई, पूर्णपणे नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या उपचाराचे निर्णय मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार सामान्यतः पालकांमार्फत होतात. त्याशिवाय पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार, अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक संबंधांची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. म्हणून चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत, मूल काही सांगण्यापूर्वी, “कोणती गोष्ट मी माझ्याजवळ ठेवू शकेन आणि कोणती नाही” हे समजावून सांगतो. आपले आकर्षण कुणाकडे आहे एवढेच मुलाने सांगितले, तर कळवण्याजोगे त्यात काहीच नसते. कुणी त्रास देत असेल तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

हिंगणा_रोड
सर्वांचे आभार. गेल्या आठवड्यात मी मेडिकलची_निवासी यांनी सुचवलेला प्रश्न काही ठिकाणी फोन करून विचारला. एका ठिकाणी “आधी मुलाला घेऊन या, मग बघू” असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “त्याला काय त्रास होतो आहे ते तो सांगेल, उद्दिष्ट तोच ठरवेल.” त्यांनी मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेचा क्विअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी इत्यादी व्यक्तींसाठीच्या समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलेला आहे. मुलाने त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे. खोलीची सोय विभागाच्या ग्रंथालयाशेजारी झाली आहे.

त्याची एक शंका उरली आहे. औषधे सुरू करावी लागली, तर त्याची नोंद कुठे राहील, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत ती बाहेर येईल का? प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात खर्च कमी होईल, असे मी सुचवले होते. पण ज्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात, तेथे उतरताना कुणी पाहिले तर काय, या भीतीने तो नको म्हणतो.

मेडिकलची_निवासी
त्याची भीती खरी आहे, तिच्याशी वाद घालू नये. मेडिकल किंवा मेयोच्या बाह्यरुग्ण विभागात यावे. तेथे शंभर आजारांची माणसे एकाच रांगेत असतात आणि कोण कशासाठी आले हे कुणाला कळत नाही. चिठ्ठीवर नैराश्य किंवा निद्रानाश असे जे निदान असेल तेवढेच लिहिले जाते. लैंगिक कल हे निदान नसल्यामुळे ते लिहिण्याचे कारण नाही, आणि लिहू नये असे तो डॉक्टरांना सांगू शकतो. सकाळी लवकर यावे, अकरानंतर गर्दी फार असते.

कोर्टकचेरी
ती नोंद रुग्णाच्या संमतीशिवाय नोकरी देणाऱ्या कंपनीला देता येत नाही, आणि कलम 25 नुसार स्वतःची कागदपत्रे पाहण्याचा हक्क त्याला आहे. आरोग्य विम्याचा अर्ज भरताना मात्र चालू उपचारांविषयी विचारले असेल तर ते खरे लिहावे, अन्यथा पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे आवश्यक आहे.